वाचकांचे प्रश्न : बटण दाबलं की विंडो का हँग होते?

या वेळच्या पत्रांतली बरीचशी टीकेइंटरबद्दल, म्हणजे पायथनमधून विंडो आणि बटणं बनवण्याच्या साधनाबद्दल आहेत. टर्मिनलवर नीट चालणारी पायथनची स्क्रिप्ट हाताशी आहे, पण ती वापरणारा माणूस वेगळा आहे, त्याला टर्मिनल नको आहे, बटणं हवी आहेत. ही गरज मला फार मोलाची वाटते. आपण लिहिलेलं दुसऱ्याच्या रोजच्या कामात उतरतं ते इथेच. पाच पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण टीकेइंटरच्या निम्म्या तक्रारींचं मूळ त्या एका पत्रात आहे.

प्रश्न : मी हिशेब विभागात आहे. एका फोल्डरमधल्या हजारेक सीएसव्ही फाइल्स वाचून रकमांची बेरीज करणारी स्क्रिप्ट मी लिहिली. सहकाऱ्यांसाठी तिला विंडो केली : ‘सुरू करा’ बटण आणि एक प्रोग्रेस बार. बटण दाबलं की विंडो पांढरी पडते, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं आणि काम संपल्यावर बार एकदम शंभर टक्क्यांवर उडी मारतो. एका मित्राने लूपमध्ये ‘अपडेट’ टाकायला सांगितलं. बार हलायला लागला, पण आता अधूनमधून बेरीजच चुकीची येते!

उत्तर : तुमचा बेरजेचा कोड बरोबर असणार. अडचण तो कधी आणि कुणाच्या वेळेत चालतो, याची आहे.

टर्मिनलवरची स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आपल्या मर्जीने चालते. विंडो उघडून ‘मेनलूप’ बोलावलात की ताबा त्याच्याकडे जातो. माउसची क्लिक, दाबलेली कळ, झाकलेला भाग पुन्हा रंगवण्याची मागणी, या सगळ्या घटना एका रांगेत येतात. मेनलूप रांगेतली एक घटना उचलतो, तिच्यासाठी तुम्ही नेमलेलं फंक्शन चालवतो, आणि ते परत आलं की पुढची उचलतो. ते परत येईपर्यंत दुसरं काहीही होत नाही. तुमचं फंक्शन हजार फाइल्स वाचूनच परत येतं, तोवर रांग तुंबते. बारला तुम्ही मधूनमधून नवा आकडा देता, तो नोंदलाही जातो, पण बार रंगवण्याचं काम त्याच रांगेत मागे उभं असतं. म्हणून शेवटी ती उडी. आणि एखादी विंडो पाच सेकंद रांगेतलं काहीच उचलत नाही असं दिसलं, की विंडोज तिच्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असं लिहून मोकळं होतं.

आता ‘अपडेट’चं बघू. तो रांगेत साचलेल्या सगळ्या घटना जागच्या जागी उरकतो. सगळ्या म्हणजे क्लिकसुद्धा. समजा १००० फाइल्स आहेत, बेरीज सामाईक व्हेरिएबलमध्ये आहे आणि फंक्शन सुरुवातीलाच ती शून्य करतं. ३०० फाइल्स झाल्यावर कुणीतरी उतावीळपणे पुन्हा ‘सुरू करा’ दाबलं. पहिली फेरी अर्धवट असतानाच तिच्या पोटात दुसरी सुरू होते. ती बेरीज शून्य करते, १००० फाइल्स मिळवते आणि संपते. मग पहिली जिथे थांबली होती तिथून उठते आणि उरलेल्या ७०० त्याच बेरजेत घालते. उत्तर १७०० फाइल्सचं! ज्या दिवशी कुणी दोनदा दाबत नाही त्या दिवशी आकडा बरोबर येतो, म्हणून तुम्हाला ते ‘अधूनमधून’ वाटतं. ‘अपडेट-आयडलटास्क्स’ नावाचा त्याचा भाऊ फक्त रंगकाम उरकतो, क्लिक घेत नाही. त्याने बेरीज वाचेल, पण विंडो हलणार नाही आणि बंदही होणार नाही. तुमच्यासारख्या कामाला मी दोन्ही वापरत नाही.

कामाचे तुकडे करा. फाइल्सच्या यादीचा इटरेटर (मागाल तेव्हा पुढची फाइल देणारी वस्तू) बनवा आणि एक लहान फंक्शन लिहा. त्याने पुढच्या वीस फाइल्स घ्याव्यात, बेरीज वाढवावी, बार सरकवावा, आणि फाइल्स उरल्या असतील तर ‘आफ्टर’ला १० मिलिसेकंद आणि स्वतःचंच नाव देऊन परत यावं. ‘आफ्टर’ काहीही थांबवत नाही. ‘इतक्या वेळाने हे फंक्शन चालव’ एवढी नोंद करून तो लगेच परततो. मधल्या वेळात मेनलूप रंगकाम करतो, क्लिक घेतो. वीस हा आकडा पवित्र नाही. एक तुकडा सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत संपेल असा आकडा ठेवा, म्हणजे बटण दाबणाऱ्याला अडकल्यासारखं वाटत नाही. एक मात्र सांभाळा : ‘आफ्टर’ला फंक्शनचं नाव न देता नुसते मिलिसेकंद दिलेत तर तो झोपतो, अगदी ‘टाइम-स्लीप’सारखा, आणि विंडो पुन्हा हँग.

तुकडे पडत नसतील, म्हणजे एकच प्रचंड फाइल उघडायलाच अर्धा मिनिट लागत असेल किंवा नेटवर्कवरून उत्तर यायचं असेल, तर थ्रेड (त्याच प्रोग्राममध्ये बाजूने चालणारी कामाची दुसरी धार) घ्या. पण थ्रेडमधून लेबल, बार, एंट्री (मजकूर टाइप करायची चौकट) कशालाही हात लावू नका. टीकेइंटर ज्यावर उभं आहे त्या ‘टीके’मागचा टीसीएल भाषेचा इंटरप्रिटर ज्या थ्रेडमध्ये जन्मला त्याच थ्रेडचा असतो. बाहेरून हात घातलात तर कधी चालेल, कधी ‘मेन थ्रेड इज नॉट इन मेन लूप’ अशी एरर येईल, कधी नुसतंच सगळं ठप्प होईल. थ्रेडने आपली प्रगती ‘क्यू’मध्ये, म्हणजे दोघांमधल्या एका रांगेत, टाकावी. विंडोच्या बाजूने एक फंक्शन ‘आफ्टर’ने दर १०० मिलिसेकंदांनी उठावं, क्यूमध्ये जे असेल ते ‘गेट-नोवेट’ने काढावं आणि बार सरकवावा. ‘गेट-नोवेट’च, कारण साधा ‘गेट’ क्यू रिकामी असेल तर वाट पाहत बसतो आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर. रद्द करायची सोय द्यायची तर ‘थ्रेडिंग’मधला ‘इव्हेंट’ घ्या : रद्दचं बटण तो ‘सेट’ करतं, थ्रेड प्रत्येक फेरीत तो तपासतो आणि उचलला असेल तर स्वतःहून थांबतो. थ्रेडला बाहेरून मारण्याची सोय पायथनमध्ये नाही.

थ्रेडमध्ये नुसती आकडेमोड असेल, तर नेहमीच्या पायथनमध्ये एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवू शकतो, त्यामुळे विंडो हँग झाली नाही तरी जडावते. अशा वेळी ‘कन्करंट-फ्यूचर्स’मधला प्रोसेस-पूल बरा, तो आकडेमोड वेगळ्या प्रोसेसमध्ये नेतो. तुम्हाला सीएसव्ही वाचायच्या आहेत, ‘आफ्टर’वर भागेल.

आणि ‘सुरू करा’ बटण काम सुरू होताक्षणी ‘डिसेबल्ड’ करा, संपल्यावर ‘नॉर्मल’. मध्ये एरर आली तरी ते पुन्हा चालू व्हायला हवं, म्हणून ती ओळ ‘फायनली’मध्ये घाला, आणि शेवटच्या तुकड्यानंतर किंवा एरर आल्यावरच ती चालेल याची खात्री करा.

प्रश्न : ताई, मी बारावीत आहे. माझ्या कॅल्क्युलेटरमध्ये बटण दाबायच्या आधीच त्याचं फंक्शन चालतं आणि मग दाबल्यावर काहीच होत नाही. लूपने केलेली ० ते ९ ची बटणं तर सगळी ९ च लिहितात. आणि एंट्रीमधलं वाचायला गेलं की ‘नन-टाइप’ची एरर. मी पायथनच बिघडवून ठेवलंय का?

उत्तर : नाही, काहीच बिघडलेलं नाही. ‘कमांड’मध्ये तू फंक्शनच्या नावापुढे कंस दिला आहेस. कंस म्हणजे ‘आत्ता चालव’. मग बटणाला मिळतं ते फंक्शनने परत दिलेलं उत्तर, बहुधा ‘नन’ म्हणजे ‘काहीच नाही’, आणि दाबल्यावर चालवायला काही उरत नाही. कंस काढ, नुसतं नाव दे.

दहा बटणांची गंमत जरा खोल आहे. तू प्रत्येक बटणाला एक लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) दिलास आणि त्यात लूपचं व्हेरिएबल वापरलंस. लॅम्डा त्या व्हेरिएबलची किंमत साठवत नाही. ज्या क्षणी बटण दाबलं जातं त्या क्षणी ती बघतो. तोवर लूप संपलेला असतो आणि त्यात ९ उरलेला असतो. किंमत बनवतानाच पकडून ठेवायची तर तेच नाव लॅम्डाचा डिफॉल्ट आर्ग्युमेंट म्हणून दे. डिफॉल्ट किंमत लॅम्डा तयार होतानाच ठरते, म्हणून प्रत्येक बटणाला आपापला आकडा मिळतो. हे कळलं की पायथनमधलं बरंच काही कळतं, म्हणून नुसतं उतरवून घेऊ नकोस. एकदा लॅम्डा एका यादीत भरून, विंडोशिवाय, टर्मिनलवर चालवून बघ.

तिसरं सोपं आहे. एंट्री बनवणं आणि तिला ‘ग्रिड’ करणं तू एकाच ओळीत जोडलंयस. ‘ग्रिड’ काहीच परत देत नाही, म्हणून तुझ्या व्हेरिएबलमध्ये एंट्रीऐवजी ‘नन’ बसलं. दोन ओळी कर.

प्रश्न : माझ्या नोंदणी फॉर्ममध्ये मी प्रत्येक गोष्ट ‘प्लेस’ने आकडे देऊन बसवली. माझ्या लॅपटॉपवर सुंदर दिसतो, दुसऱ्याच्या मशीनवर लेबलं कापली जातात, विंडो मोठी केली तर सगळं डाव्या कोपऱ्यात राहतं. प्रत्येक मशीनसाठी वेगळे आकडे द्यायचे का?

उत्तर : आकडेच देऊ नका. दुसऱ्या मशीनवर फॉन्ट वेगळा, अक्षराचा आकार वेगळा, स्क्रीनचं स्केलिंग वेगळं; पिक्सेलमध्ये मोजलेली जागा तिथे पुरणार नाही. ‘ग्रिड’ला फक्त ओळ आणि कॉलम सांगा, रुंदी तो स्वतः मजकुरावरून ठरवतो. विंडोबरोबर वाढण्यासाठी दोन गोष्टी लागतात आणि बहुतेक जण त्यांतली एकच करतात. ‘स्टिकी’ने विजेटला (लेबल, एंट्री, बटण अशा प्रत्येक घटकाला) आपल्या चौकोनाच्या कडांना चिकटवायचं, आणि ‘कॉलम-कॉन्फिगर’ने त्या कॉलमला ‘वेट’ द्यायचं. वेट नसेल तर चौकोनच वाढत नाही, मग चिकटून उपयोग काय? लेबलांच्या कॉलमला वेट शून्य, एंट्रीच्या कॉलमला एक. फॉर्म एखाद्या फ्रेममध्ये असेल तर ती फ्रेमही तिच्या बाहेरच्या विंडोत अशीच वाढली पाहिजे. ही साखळी एका ठिकाणी तुटली की आतलं सगळं जागच्या जागी.

विजेट्स एकापुढे एक लावत जाणारा ‘पॅक’ वाईट नाही, टूलबारसाठी मी तोच घेते. पण एकाच फ्रेममध्ये पॅक आणि ग्रिड एकत्र करू नका. जुन्या टीकेमध्ये दोघांची जागेवरून ओढाताण सुरू होऊन प्रोग्राम कायमचा अडकायचा. आता सरळ एरर येते. वेगळ्या फ्रेम्समध्ये दोन्ही सुखाने नांदतात. विंडोजवर अक्षरं धूसर दिसत असतील तर ‘सी-टाइप्स’मधून डीपीआय-अवेअरनेस चालू करण्याचा कॉल विंडो तयार करण्याआधी द्या. आणि विजेट्स ‘टीटीके’ची घ्या, ती त्या त्या यंत्रणेच्या थीमप्रमाणे दिसतात.

हे झालं दिसण्याचं. नोंदणी फॉर्म आहे म्हणून तुम्ही न विचारलेलंही लिहिते, कारण मला ते दिसण्याहून महत्त्वाचं वाटतं. दिवसभर नोंदी भरणाऱ्या एका सहकारी बाईंच्या शेजारी मी बसले होते. त्यांना माउस लागतच नव्हता : टाइप, टॅब, टाइप, टॅब. दुसऱ्या कुणी बनवलेल्या त्या फॉर्ममध्ये ‘रद्द करा’ बटण कोडमध्ये पूर्ण नावाच्या एंट्रीच्या आधी तयार केलेलं होतं. टॅब दाबल्यावर फोकस नावाऐवजी त्या बटणावर गेला. त्या बाई कागदाकडे बघूनच नाव टाइप करत होत्या. पहिल्या नावाची अक्षरं हवेत गेली, आणि नाव-आडनावामधली स्पेस दाबली तशी फॉर्म कोरा झाला. फोकस असलेलं बटण स्पेसने दाबलं जातं. त्यांनी चेहऱ्यावर काहीही न दाखवता पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतलं, म्हणजे हे रोजचंच होतं.

टीकेमध्ये टॅबचा क्रम म्हणजे विजेट तयार करण्याचा क्रम, ग्रिडमध्ये तुम्ही ती कुठे ठेवलीत याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून एंट्री ज्या क्रमाने भरल्या जातात त्याच क्रमाने तयार करा, बटणं शेवटी. क्रम नंतर बदलायचा तर ‘लिफ्ट’ आहे. एखाद्या गोष्टीवर फोकस जायलाच नको असेल तर तिचा ‘टेक-फोकस’ बंद करा. उघडताच पहिल्या एंट्रीला ‘फोकस-सेट’ द्या. एंटर दाबल्यावर जतन व्हावं म्हणून ‘रिटर्न’ची कळ ‘बाइंड’ करा, आणि लक्षात ठेवा की बाइंडने बोलावलेल्या फंक्शनला एक ‘इव्हेंट’ आर्ग्युमेंट मिळतो, बटणाच्या ‘कमांड’ला मिळत नाही. दोन्हीकडून एकच फंक्शन बोलवायचं असेल तर त्या आर्ग्युमेंटला डिफॉल्ट ‘नन’ द्या. मग माउस बाजूला ठेवून फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा भरून बघा.

प्रश्न : टीके जुनाट झालंय, थेट क्यूटी (विंडो बनवण्याचं दुसरं, मोठं साधन) शिका असं सगळीकडे वाचतो. मी टीकेइंटरमध्ये वेळ घालवणं योग्य आहे का?

उत्तर : जुनं आहे हे खरं. जॉन आउस्टरहाउट यांनी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८८ मध्ये टीसीएल ही भाषा सुरू केली, ती इंटिग्रेटेड सर्किट आखणाऱ्या साधनांना एक सामाईक कमांडभाषा हवी म्हणून. टीके हे त्याच भाषेचं विंडो काढणारं अंग. पायथनचं टीकेइंटर आजही त्याच टीसीएलशी बोलतं. पण जुनं म्हणजे सोडून दिलेलं नव्हे : टीके ९.० सप्टेंबर २०२४ मध्ये आलं. पायथनबरोबर येणारा आयडल हा एडिटर टीकेइंटरमध्येच लिहिलेला आहे. म्हणजे मजकूर, रंग, मेन्यू, शोध-बदल एवढं सगळं त्यात होतं, याचा नमुना तुमच्या मशीनवर आधीच आहे आणि त्याचा कोड वाचायला खुला आहे.

माझं मत विचाराल तर : एक-दोन विंडो, एक फॉर्म, फाइल निवडायचा डायलॉग, थोडी यादी, एवढ्यासाठी टीकेइंटर. वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. (डेबियन, उबंटूवर ‘पायथन३-टीके’ हे पॅकेज मात्र वेगळं घ्यावं लागतं.) हजारो ओळींचं टेबल गाळायचं आणि क्रमाने लावायचं असेल, छपाई हवी असेल, ओढून कुठेही लावता येणारे पॅनेल हवे असतील, तर क्यूटीकडे जा. त्यात डेटा आणि तो दाखवणारं टेबल वेगळं असतं, दिसणाऱ्याच ओळी रंगवल्या जातात, हे मोठ्या यादीला फार उपयोगी पडतं. तिथे पायसाइड आणि पायक्यूटी, म्हणजे पायथनमधून क्यूटी वापरायची दोन पॅकेजेस, यांतला फरक आधी बघा. पायसाइड एलजीपीएल परवान्याखाली मिळतं. पायक्यूटी जीपीएलखाली (यात वाटलेल्या प्रोग्रामचा कोडही खुला ठेवावा लागतो) किंवा विकत घेतलेल्या परवान्याखाली. प्रोग्रामचा कोड बंद ठेवून तो वाटायचा असेल तर हा प्रश्न शेवटी नव्हे, सुरुवातीला सोडवायचा असतो.

काहीही घ्या, हिशेबाचा कोड विंडोच्या कोडपासून वेगळ्या फाइलीत ठेवा, आणि त्या फाइलीत टीकेइंटरचं नावही येऊ देऊ नका. मग क्यूटीकडे जाणं म्हणजे फक्त विंडो पुन्हा लिहिणं. आणि मेनलूपची जी समज टीकेमध्ये येते ती क्यूटीत जशीच्या तशी चालते. तिथेही लांब काम थेट बटणात घातलं की विंडो हँगच होते.

प्रश्न : माझ्या प्रोग्रामची पायइन्स्टॉलरने एक्सई केली. माझ्याकडे चालते, सहकाऱ्याकडे बटण दाबलं की काहीच होत नाही, एररही नाही. शिवाय उघडायला फार वेळ लागतो, आणि लोगोचं चित्र दिसतच नाही.

उत्तर : उशीर ‘वन-फाइल’मुळे. ती एक फाइल दर वेळी स्वतःला एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते आणि मग चालते. फोल्डरवाला पर्याय घ्या, झिप करून द्या; अँटिव्हायरसची खोटी ओरडही त्याने बहुधा कमी होते.

चित्राचे दोन संशयित. तुमच्या मशीनवरही दिसत नसेल, तर ‘फोटोइमेज’ फंक्शनमधल्या व्हेरिएबलमध्ये आहे. फंक्शन संपताच पायथन ते साफ करतं आणि लेबल रिकामं राहतं. ते ऑब्जेक्टच्या ‘सेल्फ’वर किंवा लेबललाच अडकवून ठेवा. फक्त एक्सईमध्येच दिसत नसेल, तर चित्र पॅकेजमध्ये गेलेलंच नाही किंवा त्याचा पत्ता चालू फोल्डरवरून काढलाय. ‘ॲड-डेटा’ने ते आत घाला आणि पत्ता त्या पायथन फाइलीच्या ठिकाणावरून काढा.

बटणाचं मौन मात्र गंभीर आहे. बटणाच्या फंक्शनमध्ये एरर आली तर टीकेइंटर प्रोग्राम पाडत नाही, एरर कन्सोलवर छापतो आणि पुढे चालू राहतो. ‘विंडोड’ एक्सईला कन्सोलच नसतं, त्यामुळे एरर येते आणि हवेत विरते. मुख्य विंडोच्या ‘रिपोर्ट-कॉलबॅक-एक्सेप्शन’च्या जागी आपलं फंक्शन बसवा. त्याला एररचा प्रकार, एरर आणि ट्रेसबॅक (ती कोडमध्ये कुठून आली त्याचा माग) अशा तीन गोष्टी मिळतात. ‘ट्रेसबॅक’ मोड्यूलने त्यांचा मजकूर करा, तारीख-वेळेसह लॉग फाइलीत जोडा, आणि ‘शो-एरर’ डायलॉगमध्ये एक सरळ वाक्य दाखवा : काय झालं नाही, आणि लॉग कुठे आहे. लॉग वापरणाऱ्याच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये असेल तर तिथे लिहायची परवानगी बहुतेकांना नसते, आणि मग एरर नोंदवणाऱ्या फंक्शनमध्येच एरर येते. हे बसवून नवी एक्सई सहकाऱ्याला द्या, लॉग मागवा आणि त्यातल्या शेवटच्या दहा ओळी मला पाठवा. पुढच्या अंकात तिथून पुढे बघू.